वाडीवरचा मुक्काम आणि कशेळ्याची वाट

पाऊस लागला की आपल्या वस्त्यांतल्या पोरापोरींचे मोबाईल कर्जतच्या डोंगरांनी भरून जातात. शनिवारी कामावरून सुटायचं, कर्जत लोकल धरायची, नेरळला नाहीतर कर्जतला उतरायचं, तिथून टमटम किंवा एसटीने कशेळे. कशेळ्याला वडापाव खाऊन पुढे कुणी आंबिवलीला जातं, कुणी खांडसला. आंबिवलीहून चढलं की कोथळीगडाच्या पायथ्याशी पेठ गाव. खांडसहून शिडी घाटाने नाहीतर गणेश घाटाने भीमाशंकर. काही जण कर्जतहून कोंदिवड्याला जातात आणि कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीच्या उधेवाडीत पोचतात. तिथे लॉज नाही. रात्र काढायची ती वाडीतल्या कुणाच्या तरी पडवीत, सारवलेल्या जमिनीवर, नाहीतर कोथळीगडावरच्या भैरोबाच्या गुहेत.

पोरांनी जावं, असंच आमचं म्हणणं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपणाऱ्या घरातल्या मुलीला मोकळं आभाळ बघायचा हक्क नाही का? आरोग्याच्या बैठकांना बसलो की आया आम्हाला म्हणतात, "ताई, तुम्हीच सांगा, जाऊ नको म्हणावं." आम्ही सांगतो, अडवू नका. फक्त दोन गोष्टी विचारा. झोपणार कुठे, आणि रात्री काही झालं तर खाली कसं येणार? चढाची काळजी सगळे करतात, बूट कसले, पाणी किती, सगळं बोलून होतं. रात्रीचं कुणी बोलत नाही. आणि आम्ही सरकारी दवाखान्यात ड्यूटी केली त्या वर्षांत पहाटे जे पेशंट यायचे, ते बहुतेक रात्री नीट झोपलेले असायचे.

ते मण्यारीचे पेशंट. म्हणून पहिली गोष्ट तीच.

मण्यार रात्री फिरते. काळसर, अंगावर बारीक पांढरे पट्टे, आणि स्वभावाने दिवसा अगदी गरीब. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की कोरड्या जागी येते, आणि घरात कोरडी जागा म्हणजे पडवी, लाकडाची रास, पेंढा, धान्याचा कोपरा. माणूस जमिनीवर झोपलेला असतो. कूस बदलताना तिच्यावर हात पडतो आणि ती चावते. नाग किंवा घोणस चावली तर माणूस ओरडत उठतो, कारण आग होते, सूज येते. मण्यारीचा दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो, कधी तेवढाही कळत नाही. दाताच्या खुणाही दिसत नाहीत. माणूस परत झोपतो. काही तासांनी पोटात कळ येते, उलटी होते, घशात गिळवत नाही. सोबतचे म्हणतात, रात्रीचं पिठलं बाधलं. मग पापण्या जड होतात, उघडायच्या म्हटल्या तरी उघडत नाहीत, बोलणं जड येतं. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ही साखळी ओळखणं हीच अर्धी लढाई आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर खूण असो वा नसो, ती मण्यार धरूनच चालायचं आणि निघायचं.

निघायचं म्हणजे त्याला चालवायचं नाही. चाललं की विष लवकर पसरतं. घोंगडीची झोळी करा, बांबू मिळाला तर उत्तम. वाडीतल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. त्यांच्या घरातल्या बाळंतिणी अशाच खाली आलेल्या असतात. हाताला किंवा पायाला चावलं असेल तर तो भाग लाकडाच्या फळीला सैलसर बांधून स्थिर करा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. दोरीने आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका, मिरची-मीठ चाखवून परीक्षा घेऊ नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. साप मारायच्या किंवा पकडून न्यायच्या भानगडीत पडू नका. त्यात दुसरा माणूस चावून घेतो. किती वाजता लक्षात आलं ते मोबाईलवर लिहून ठेवा.

सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच असते. साप कुठला हे ओळखता आलं नाही म्हणून उपचार अडत नाही. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, शिरेतून देतात, एका कुपीत भागत नाही, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. ती खाजगी खोलीत, गावच्या भगताकडे किंवा मेडिकलच्या दुकानात द्यायची गोष्ट नाही, कारण तिचीच रिअॅक्शन आली तर ती सांभाळायला डॉक्टर, सिस्टर आणि ऑक्सिजन लागतो.

आता वाटेचा हिशोब. आंबिवलीहून पेठला चढायला मोकळ्या अंगाने दीड-दोन तास लागतात. रात्री, पावसात, निसरड्यावर झोळी घेऊन उतरायला त्याहून कमी लागणार नाही. खाली गाडी मिळाली तर कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, त्यापुढे कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. श्वासाच्या मशीनची गरज लागली तर तिथून पनवेल किंवा मुंबईकडे. म्हणजे वरून निघायला तुम्ही जो एक तास "बघू, उजाडू दे" म्हणत घालवाल, तो या हिशोबात कुठूनच भरून निघत नाही. १०८ ला फोन वाडीतूनच करा, रेंज जिथे येते त्या दगडावर जाऊन. कुठल्या दगडावर रेंज येते, वाडीतली जीप कुणाची, तो रात्री घरी असतो का, हे जेवायला बसायच्या आधी विचारून ठेवायचं. विचारायला लाज वाटायचं कारण नाही.

बुद्धांच्या काळीही हा प्रश्न होता. विनयपिटकात सर्पदंशाने भिक्खू गेल्याची नोंद आहे, आणि सर्पकुळांविषयी मैत्री बाळगायला सांगणारं परित्राण आजही म्हटलं जातं. कुणाला म्हणावंसं वाटलं तर झोळीबरोबर चालता चालता म्हणा. झोळी थांबवून नको.

दंश टाळायला फार खर्च येत नाही. मच्छरदाणी न्या, आणि तिच्या कडा सतरंजीखाली खोचा. नुसती लोंबत ठेवलेली मच्छरदाणी डास अडवते, साप नाही. यजमानाकडे खाट रिकामी असेल तर मागून घ्या. नसेल तर भिंतीच्या कडेला, लाकडांजवळ किंवा धान्याच्या कणगीशेजारी अंथरूण टाकू नका. खाण्याच्या पिशव्या उशाशी ठेवू नका. त्यावर उंदीर येतो आणि उंदरामागे साप. रात्री लघवीला जायचं तर दोघी मिळून, बॅटरी आणि काठी घेऊन, पायात बूट घालून. बूट घालायच्या आधी उलटे करून आपटा. आत विंचू बसलेला असतो.

विंचवाला आपल्याकडे कुणी फार मनावर घेत नाही. कोकणातला लाल विंचू मात्र माणूस मारतो, विशेषतः लहान मूल. दुखणं हा त्यातला धोक्याचा भाग नाहीच. दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, मग धाप आणि खोकल्यातून फेस, असा तो जातो. महाड म्हटलं की आपल्याला चवदार तळं आठवतं. त्याच महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात सत्तरच्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर असे पेशंट दगावताना बघत होते. त्यांनी एकेकाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी वेळेत दिली तर हे पेशंट वाचतात हे दाखवून दिलं. आता जगभरचे डॉक्टर ती वापरतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी स्वस्त आहे म्हणून सॅकमध्ये टाकून आपल्या मनाने द्यायची नाही. रक्तदाब एकदम खाली जातो. घाम आणि लाळ सुरू झाली की सरळ दवाखाना.

पावसातल्या मुक्कामाबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. आणि ते १९ जुलै २०२३ च्या रात्रीनंतर जास्त कडक झालं.

इर्शाळवाडी खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत. ठाकर समाजाची वाडी. गडावर जाणारे कित्येक जण तिथे चहा-भाकरीला थांबत. त्या रात्री लोक झोपायच्या वेळेला डोंगर खाली आला. वाडीत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं वर गेली नाहीत. माणसांनी फावड्यांनी चिखल उकरला. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि चार-पाच दिवसांनी शोध थांबवला गेला. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे विधानसभेतच सांगितलं गेलं. तेव्हा "या गावाला धोका नाही" असं कुणी सांगितलं, तर ते यादीपुरतं खरं असतं एवढं लक्षात ठेवा.

मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. रोज अंगमेहनतीचं काम करणारा माणूस. आपल्यातले चाळिशीपुढचे भाऊ, बीपी-शुगर न तपासता मुलाबरोबर गडावर निघतात, त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

हवामान खात्याचा केशरी किंवा लाल इशारा असेल तर डोंगराच्या पोटातल्या वाडीत झोपायला जाऊ नका. सहल पुढच्या शनिवारी होते. गेलाच असाल आणि दोन दिवस पाऊस थांबला नसेल, तर झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं का, जमिनीला नव्या भेगा आहेत का, झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का, हे बघा. वरून घरघर ऐकू आली तर सामान गोळा करत बसू नका, उताराच्या सरळ रेषेतून आडवे बाजूला पळा, आणि ज्यांच्या घरात झोपला आहात त्यांना हाक मारून उठवा. तुम्ही सोमवारी परत जाणार असता. त्यांची प्रत्येक रात्र तिथेच असते.

भिक्खूसंघाला आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहायचा नियम घालून दिला होता, तो वर्षावास. पावसात हिंडताना कोवळी रोपं आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, म्हणून. आंबिवलीजवळ नदीकाठी त्या मुक्कामाची जागा आजही आहे: मोठं दालन आणि तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. डोंगरात राहायचं ते कातळ पोखरून, पाण्याची सोय बघून, पावसाआधी पोचून. आज आपली पोरं नेमकी उलटी, भर पावसातच निघतात. लेणी बघा, जरूर बघा, तिथे बसा. पण आत चूल किंवा शेकोटी पेटवू नका. दोन हजार वर्षांच्या भिंती काळ्या होतात हे एक, आणि धुराने आग्या माश्या उठतात हे दुसरं. शंभर-दोनशे माश्या चावल्या तर मोठा माणूसही किडनी निकामी होऊन जाऊ शकतो.

शेकोटीवरून शेगडी. हिवाळ्यात पडवीत थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दार बंद करून झोपणं, किंवा तंबूत निखारे ठेवणं, हे आत्महत्येसारखं आहे. निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला ना वास ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस झोपेतच जातो. शेगडी बाहेर, पांघरूण आत. पावसात भिजलेल्यांना तर जुलैतही गारठा लागतो. हुडहुडी भरली, बोलणं अडखळलं, चालताना तोल जायला लागला, की ओले कपडे आधी उतरवा, कोरडं घाला, डोकं झाका, साखरेचा गरम काळा चहा द्या. दारूने ऊब येते असं वाटतं, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर जाते. शिवाय दारू पिऊन वाडीत रात्री जो गोंधळ होतो, त्यामुळे कित्येक घरांनी पोरांना ठेवणं बंद केलंय.

आता एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास. मुंबई, ठाणे, कल्याणच्या वस्त्यांतली आपली बरीच कुटुंबं विदर्भातून आलेली आहेत, आणि विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. ज्याला हा आजार आहे त्याच्यासाठी दमणूक, पाणी कमी पडणं आणि गारठा ही तिन्ही कारणं दुखण्याचा झटका आणतात, आणि डोंगरावरच्या रात्रीत ती तिन्ही एकत्र येतात. वाहक असलेल्याला सहसा त्रास होत नाही, पण पाणी भरपूर पिणं आणि दमल्यावर थांबणं त्यालाही आवश्यक. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, रक्ताचा एक थेंब पुरतो. मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा गडावर निघण्याआधी ती करून घ्या. कार्ड लाल असेल तर दिवसाची सोपी सहल ठेवा, मुक्काम नको. दम्याचा पंप, फिट्सच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या सॅकच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात. आणि सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा. फिट्स येणाऱ्याने जागरण करू नये, गडावर तर नाहीच.

पाण्याचं. वाडीतलं विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी पावसाळ्यात गढूळ असतं. उकळून घ्या, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. ओआरएसची दोन पाकिटं प्रत्येकाजवळ. पण उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये जाल तेव्हा वेगळा विचार करा. ज्या बाईने तुमच्यासाठी हंडा ओतला, तो तिने दूरवरून डोक्यावर आणलेला असतो. त्या पाण्याने बूट धुणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. आपल्या वस्तीत टँकरच्या रांगेत भांडणाऱ्या घरांतली पोरं! ताटाच्या पैशावरून घासाघीसही तशीच. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, हे त्या घराच्या साठ्यातलं असतं. सांगतील ते द्या. प्लास्टिक, सॅनिटरी पॅड परत आणायला कागद आणि जाड पिशवी न्या. वाडीत घंटागाडी येत नाही.

यजमानाच्या घरात चुलीचा धूर पाहून आम्ही एक सवय लावून घेतली. जेवणाआधी अर्धा तास घरातल्या बाईशी बोलायचं. खोकला किती दिवस आहे, दोन आठवड्यांवर आहे का, बेडका तपासला का, लेकरांची लसीकरणाची कार्डं कुठे आहेत. तुमच्यात कुणी नर्सिंगला, आशा म्हणून किंवा मेडिकलच्या दुकानात असेल, तर तुम्हालाही हे जमेल.

आणि आडनाव. एका गावात आमच्याबरोबरच्या मुलींना देवळाच्या ओवरीत झोपायला जागा दाखवली होती. आडनाव विचारलं, आणि दहा मिनिटांत "ओवरी गळते" म्हणून त्यांना शाळेच्या उघड्या व्हरांड्यात पाठवलं. रात्रभर पाऊस, अंगाखाली ओली फरशी. यात अपमान आहे आणि तब्येतीचा धोकाही आहे, दोन्ही वेगळे नाहीत. म्हणून आता आम्ही मुक्काम आधी फोनवर ठरवतो, कोण आहोत हे आधीच स्पष्ट सांगतो, जिथे आवाज बदलतो तिथे जात नाही. ठाकर आणि कातकरी घरांत आम्हाला हा प्रश्न फारसा आला नाही. एका आजीने तर स्वतःची खाट देऊन आमच्यातल्या गरोदर पोरीला वर झोपवलं आणि स्वतः खाली झोपली. (गरोदर पोरीने गडावर यावं का, ते तिला आम्ही नंतर सांगितलं.)

युरोपात आल्प्सच्या डोंगरांत चढणाऱ्यांसाठी बांधलेल्या निवाऱ्यांत एक वही असते. आलेल्या प्रत्येकाने नाव लिहायचं आणि उद्या कुठे जाणार तेही. कुणी पोचलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे कळतं. आपल्याकडे वही नाही, पण कागद आहे. सगळ्यांची नावं, घरचे फोन, रक्तगट, कुणाला कसली गोळी चालू आहे आणि उद्याची वाट, हे लिहून एक कागद यजमानाच्या घरी ठेवा, दुसरा कशेळ्याला ज्याच्या टमटमने गेलात त्याच्याकडे, आणि तिसऱ्याचा फोटो आईच्या मोबाईलवर.

परत आल्यावर दोन-तीन आठवडे ताप आला तर डॉक्टरला न विचारता सांगा की आपण डोंगरात झोपलो होतो, चिखलातून चाललो होतो. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून गेलात तर लेप्टो होऊ शकतो. डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, लघवी कमी होते. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली दिसली तर तीही दाखवा, बारीक गोचिडीसारख्या किड्याने येणारा ताप त्याने ओळखू येतो. दोन्हींवर औषध साधं आहे, लवकर सुरू झालं तर. मेडिकलमधून नुसती तापाची गोळी घेऊन सोमवारी कामावर जाऊ नका.